यंत्राचं तोंड मजुराकडेच का?

महाराष्ट्रातल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. कशासाठी, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा, असा तो हिशेब. वि. स. पागे यांची ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनं देशभरासाठी केला. म्हणजे या विषयात आपण मराठी माणसांनी तोंड घालायला हरकत नसावी.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा आणला. हमीच्या कामाचे शंभराचे एकशे पंचवीस दिवस, खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याचा, शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद. यावर भांडणं झाली आणि व्हायलाच हवीत. पण त्यात घोटाळे हुडकायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची तरतूदही आहे. ती मात्र सगळ्यांनी 'चांगलंच आहे की' म्हणून सोडून दिली.

माझा आक्षेप यंत्राला नाही. रोजगार हमीत बोगस हजेऱ्या लागत होत्या, मेलेली माणसं मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, माती उपसत होती, हे कुणाला नवीन आहे? पण हजेरीचं ॲप येऊन काय झालं ते बघा. जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर सक्तीचं झालं. सकाळी एक फोटो, चार तासांनी दुसरा. आता माती काम मोजमापावर असतं. जेवढं खोदाल तेवढी मजुरी. मे महिन्यात बायका उजाडायच्या आत कामावर येतात, ऊन चढायच्या आत खड्डा पुरा करतात आणि घरी जाऊन भाकऱ्या थापतात. आता खड्डा पुरा झाला तरी दुसऱ्या फोटोसाठी बांधावर बसायचं. हजेरी घेणारा रोजगार सेवक रेंज शोधत टेकाडावर. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, आणि दिवसभराचा घाम वाया.

चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच पत्र काढलं: कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढतात, तीच माणसं अनेक मस्टरवर दिसतात. उपाय काय सांगितला, तर ग्रामपंचायत पातळीवर माणसानं एकेक फोटो तपासायचा! हसावं की रडावं.

तेलंगणात सरकारी माहितीचे साठे जोडून अपात्र कोण ते ठरवणारी यंत्रणा बसवली होती. लाखो रेशनकार्डं रद्द झाली. एका रिक्षा ओढणाऱ्याच्या कुटुंबाला कारमालक ठरवलं, कारण कार असलेल्या कुणाशी तरी नावाचा घोळ झाला. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला फेरतपासणी करा म्हणून सांगावं लागलं.

ऑस्ट्रेलियात तर वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून लोकांच्या भत्त्याची वसुली लावली. २०२३ च्या चौकशी आयोगानं त्याची सालटी काढली. ही सरासरी आपल्या ऊसतोड कामगाराला लावून बघा. पाच-सहा महिने कारखान्यावर, तेही घेतलेली उचल फेडण्यात, आणि उरलेले महिने गावात मिळेल ते काम. सरासरीच्या कागदावर हा माणूस बाराही महिने कमावता.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मजुरी पंधरा दिवसांत मिळाली नाही तर रोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम. काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. काम कधी मागितलं, पैसे कधी जमा झाले, या तारखा संगणकात असतातच. इथं कुठली बुद्धिमत्ता लागते, साधी वजाबाकी आहे. तरी मजुरीचा आदेश निघाल्यानंतर दिल्लीकडून होणारा उशीर वर्षानुवर्षे भरपाईत धरलाच जात नव्हता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान उपटले. मजूर चार तास हजर होता का ते सेकंदासकट कळतं, साहेबांकडे फाईल किती दिवस पडली ते विचारायला मात्र ॲप नाही.

तेव्हा ही बुद्धी आणायचीच असेल तर आधी वरच्या बाजूला लावा. भत्ता मागायची वेळ येऊ न देता आपोआप खात्यात टाका. टँकर सुरू झालेल्या गावांत काम कुठं कमी पडणार ते आधी सांगा. नाव कापायचं असेल तर यंत्रानं फक्त शंका घ्यावी. कापणाऱ्या अधिकाऱ्यानं सही करून मराठीत कारण लिहून द्यावं, ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवावेत. मेलेला माणूस मस्टरवर आहे हे गावाला सर्व्हरच्या आधी कळतं.

माझ्या मित्रयादीत ग्रामरोजगार सेवक, तहसीलमधले मित्र आणि सॉफ्टवेअरवाले, तिघेही आहेत. तुमच्याकडे काम मागितल्यावर तारीख घातलेली पावती हातात पडते का? बेरोजगार भत्ता मिळालेला एक तरी मजूर तुम्ही पाहिलाय का? कॉमेंटमध्ये तालुक्यासकट लिहा.