दुसरं गिधाड आलं कुठून?

‘डोळ्यांत पाणी आलं तर पुढे पाठवा’ अशी शेपटी लावून केविन कार्टरची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतेय. सुदानमध्ये भुकेनं कोसळलेली मुलगी, मागे टपलेलं गिधाड. फोटो काढून हा दक्षिण आफ्रिकी फोटोग्राफर निघून गेला, मुलगी मेली, त्याला पुलित्झर मिळालं. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, ‘गिधाडं किती होती?’ ‘एक.’ ‘नाही, दोन. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता.’ ते मनाला लागून त्यानं आत्महत्या केली.

फोटो खरा, पुरस्कार खरा, आत्महत्याही खरी. बाकीचं बघू.

‘मुलगी मेली.’ मुळात ती मुलगी नव्हती. २०११ साली ‘एल मुंदो’ या स्पॅनिश दैनिकानं, फोटो जिथं काढला त्या अयोद गावात जाऊन कुटुंब शोधलं. तो मुलगा होता, त्या दुष्काळातून वाचला आणि २००७ च्या सुमारास तापानं गेला, असं वडिलांनी सांगितलं. फोटोतच त्याच्या मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नकेंद्रात नाव नोंदलेल्या मुलांना तो बांधत. म्हणजे पोर बेवारस नव्हतं.

‘तसंच टाकून निघून गेला.’ हा आरोप अर्धाच टिकतो. गिधाड पंख पसरेल म्हणून आपण वीसेक मिनिटं थांबलो, हे कार्टरनं स्वतःच सांगितलंय, आणि ते वाचताना आजही कसंतरी होतं. पण फोटो झाल्यावर त्यानं गिधाड हुसकावलं, हेही त्यानंच सांगितलं. सोबतचा फोटोग्राफर जुआंव सिल्वा याच्या म्हणण्याप्रमाणे मदतीचं विमान उतरलं होतं आणि धान्य घ्यायला धावलेल्या आयांनी पोरं घटकाभर खाली ठेवली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २६ मार्च १९९३ ला फोटो छापला. वाचकांची विचारणा सुरू झाल्यावर ३० मार्चला खुलासा केला: मूल उठून पुढे निघालं, केंद्रात पोचलं का ते ठाऊक नाही. त्याला उचलून का नेलं नाही, हा प्रश्न उरतोच.

‘दोन गिधाडं.’ या संवादाला ना मुलाखतकाराचं नाव, ना तारीख, ना ध्वनिफीत. बीज मात्र सापडतं: फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्रानं, लेन्स जुळवणारा हा माणूसही तिथलं दुसरं गिधाडच, अशा अर्थाची टीका केली होती. त्या टीकेचीच पुढे कुणीतरी चटकदार सवाल-जवाबी केली असावी.

‘अपराधी भावनेनं आत्महत्या.’ फोटो मार्च १९९३ चा, मृत्यू २७ जुलै १९९४ चा. मधले सोळा महिने फॉरवर्डमध्ये गायब आहेत. एप्रिल १९९४ मध्ये पुलित्झर जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत, १८ एप्रिलला, त्याचा जिवलग मित्र केन ऑस्टरब्रुक जोहान्सबर्गजवळच्या थोकोझा वस्तीतल्या गोळीबारात ठार झाला. दुसरा मित्र ग्रेग मारिनोविच त्याच जागी गंभीर जखमी. त्यात मॅन्ड्रॅक्स या अमली गोळीचं व्यसन, डोक्यावर कर्ज, आणि मोझांबिकहून परतताना कामाचे फिल्मरोल विमानातच विसरलेले. त्याच्या चिठ्ठीच्या छापून आलेल्या भागात पैशांची विवंचना आहे, डोळ्यांपुढून न हटणारी प्रेतं आहेत, भुकेली आणि जखमी मुलं आहेत, केन आहे. त्या फोटोचा किंवा कुणाच्या टोमण्याचा उल्लेख नाही.

आणि अयोदमध्ये भूक आली कशी, याबद्दल फॉरवर्ड गप्प. खार्टूममधलं सुदानचं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांचं युद्ध १९८३ पासून चालू होतं. १९९१ मध्ये बंडखोरही फुटले: एकीकडे जॉन गरांग, दुसरीकडे रीक माचार. दोघांच्या फौजांनी अयोद, वाट आणि कोंगोर हा टापू उद्ध्वस्त केला. मदत करणाऱ्यांनी त्याला ‘भुकेचा त्रिकोण’ म्हटलं. गोष्टीत यांतलं कुणी नाही, खलनायक एकच आणि तोही कॅमेरावाला. म्हणूनच ती फार सोयीची आहे.

सोय कशी होते ते २८ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयात दिसलं. स्थलांतरित मजुरांच्या सुनावणीत केंद्र सरकारची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सरकारच्या टीकाकारांना उद्देशून हीच दोन गिधाडांची कथा ऐकवली. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, ८ मेला, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो देशभर छापले गेले होते. ज्या प्रकरणात ही कथा सांगितली गेली, ते न्यायालयानं २६ मेला स्वतःहून दाखल करून घेतलं होतं, आणि त्या आदेशात आधार दिला होता पायी चाललेल्या मजुरांचे हाल सतत दाखवणाऱ्या वृत्तपत्रांचा आणि माध्यमांचा.