पारशी विरघळले नाहीत

‘पारशी दुधात साखर विरघळावी तसे या देशात विरघळले. कधी भांडले नाहीत, कधी काही मागितलं नाही. बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परवा काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर वहिनीचं नाव घालून शाबासकीही दिली. वहिनी पारशी आहे. म्हणून हे लिहितोय.

आधी ती साखर. राजानं दुधानं काठोकाठ भरलेला पेला पाठवला, पारशांनी त्यात साखर विरघळवून परत दिला, अशी ती गोष्ट. पारशांच्या आगमनाची जुनी लेखी हकीकत म्हणजे १६०० च्या सुमारास बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूनं रचलेलं ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य. त्यात दुधाचा पेला नाही, साखरही नाही. आहेत त्या गुजरातेतल्या संजाणच्या राजाच्या, जादी राण्याच्या अटी: धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. धर्म सोडायची अट नाही. उलट अग्निमंदिरासाठी त्यांनी जागा मागितली आणि राजानं दिली. तो अग्नी आज गुजरातमधल्या उदवाड्यात तेवतो आहे.

भाषा बदलली, साडी आली, एवढं मान्य. पण विरघळले? वहिनीनं दादाशी लग्न केलं म्हणून तिच्या मुलांची नवजोत, म्हणजे धर्मात घेण्याचा संस्कार, झाली नाही; त्यांना अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, पाऊल ठेवता येत नाही. वडील पारशी असते तर चाललं असतं. मुंबई हायकोर्टाच्या १९०८ च्या निकालापासून हीच व्याख्या चालत आलीय. तिची आई गेली तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना झाल्यावर दादाला सासूचा चेहरा पाहता आला नाही. तो इतर परधर्मीयांबरोबर वेगळ्या मांडवात बसून राहिला. वहिनीला हे आजही सलतं, आणि तरी ती रोज सदरा-कस्ती, म्हणजे धर्माची खूण असलेला अंगरखा आणि कमरेचा गोफ, घालते. १९३६ च्या पारशी विवाह कायद्यानुसार घटस्फोटाच्या खटल्यात न्यायाधीशाबरोबर समाजाचे प्रतिनिधी बसतात. हे विरघळणं नव्हे. शेकडो वर्षं निगुतीनं जपलेलं वेगळेपण आहे ते, आणि ते जपूनच ते इथले झाले.

‘भांडले नाहीत’ म्हणे. मुंबईत १८५१, १८७४ आणि १९२१ साली पारशी दंगलींत सापडले होते.

‘काही मागितलं नाही’ हे अर्धं खरं. घटना समितीच्या वेळी त्यांनी राखीव जागा नाकारल्या. पण २०११ च्या जनगणनेत ते ५७,२६४ उरले होते, आणि २०१३ मध्ये त्यांची घटती संख्या सावरण्यासाठी ‘जियो पारसी’ ही सरकारी योजना आली. यायलाच हवी होती.

काका, त्या मेसेजमधले ‘बाकीचे’ म्हणजे कोण, हे ग्रुपवर सगळ्यांना कळतं. त्यांना टोमणा मारायला वहिनीच्या माणसांचं नाव वापरू नका.