मेक इन्स्टॉल म्हणजे शेवट नव्हे!

ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित करणारी लायब्ररी, सोर्समधून (मूळ कोडपासून बांधून) बसवायची कृती म्हणून मार्गदर्शक लेखांत त्याच चार कमांड लिहायच्या, कॉन्फिगर, मेक, मेक टेस्ट, मेक इन्स्टॉल, आणि मोकळं व्हायचं. अहो, खरी डोकेदुखी तिथून पुढे सुरू होते!

आवृत्ती ३ पासून ६४ बिटच्या नेहमीच्या लिनक्सवर लायब्ररी ‘लिब’मध्ये नाही, ‘लिब६४’मध्ये पडते. डेबियन, उबुंटू या लिनक्सचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणारा भाग) यूएसआर-लोकलमधल्या (अशी बांधणी सहसा बसते त्या जागेतल्या) त्या फोल्डरकडे आपणहून फिरकतही नाही. मग नवी कमांड एकतर ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३ सापडत नाही’ म्हणून मरते, नाहीतर सिस्टमची जुनी लायब्ररी उचलते आणि आवृत्ती जुळत नाही म्हणून अडते. यावर उपाय म्हणून प्रीफिक्स (बसवायची जागा) थेट सिस्टमचं ‘यूएसआर’ फोल्डर द्या असं सांगणाऱ्यांचा तर संताप येतो. पॅकेज मॅनेजरच्या (सिस्टमची सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या) फायलींवर स्वतःच्या फायली लादल्या की दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचपासून सगळं धोक्यात!

‘ऑप्ट’ फोल्डरखाली स्वतंत्र प्रीफिक्स द्या, लिबडिर (लायब्ररीचा फोल्डर) ‘लिब’ ठेवा, आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची ते प्रोग्रॅममध्येच नोंदवणाऱ्या पर्यायात) त्याच लिबचा पत्ता घाला. एवढं सांगायला एक ओळ पुरते.

आणि सर्टिफिकेट? नव्या बांधणीचा ‘सर्ट्‌स’ फोल्डर रिकामा असतो, म्हणून साइटचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) देणारी संस्था ओळखता येत नाही आणि बहुतेक साइटना पडताळणीची त्रुटी २० येते. त्या जागी सिस्टमच्या ईटीसी-एसएसएलमधल्या ‘सर्ट्‌स’ची सिमलिंक (मूळ फोल्डरकडे नेणारा दुवा) द्यायची. पण लोक काय करतात? पडताळणीच बंद करतात! सुरक्षेसाठी बसवलेल्या लायब्ररीची सुरक्षाच काढून टाकायची?

शिवाय ही प्रत सिस्टम अपडेटने कधीच बदलत नाही. नवी सुरक्षा दुरुस्ती आली की टारबॉल (सोर्सची संकुचित फाइल) उतरवा, शा२५६ (फाइल अस्सल आहे का ते सांगणारा ठसा) तपासा, पुन्हा बांधा. हे तरी लिहा ना कुठेतरी!