सेक्रेटरी म्हणजे सरकार नव्हे

विषय निघाला सोसायटीच्या सीसीटीव्हीवरून. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रात्री एक वाजता घरी आली आणि सकाळी सेक्रेटरींनी ती क्लिप ग्रुपवर टाकली. खाली लगेच तीन अंगठे.

"काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला?" पक्याचं हे ठरलेलं. आधारच्या वेळीही हेच.

"खडक सिंगने तरी काय केलं होतं?" वकील सरसावला. "दरोड्याच्या केसमधून पुराव्याअभावी सुटला. तरी यूपी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून त्याला झोपेतून उठवायचे. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. हक्क मिळायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायाधीश, एकमताने, संविधानातलं जगण्याच्या हक्काचं कलम २१."

"मग टाक की सेक्रेटरीवर केस!"

वकील जरा अडखळला. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, आणि सेक्रेटरी म्हणजे सरकार नव्हे. (त्यांना तसं वाटतं, ते सोडा.)

मास्तरांनी चहा खाली ठेवला. "वॉचमननेही तिला पाहिलंच ना? त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. ते गेटपुरतं होतं. हेलन निसेनबॉम म्हणून प्रायव्हसीच्या अभ्यासक बाई आहेत, त्या हेच सांगतात: माहिती जिथली, तिथल्या रीतीनेच ती पुढे जावी. चोर पकडायला लावलेला कॅमेरा मुलींची हजेरी घ्यायला लागला, की रीत मोडली."

"आणि घरात?" इतका वेळ गप्प बसलेली सुमी म्हणाली. "जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बायकोचे चोरून रेकॉर्ड केलेले कॉल घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालतील."

"बघ! म्हणजे तिथे प्रायव्हसी गेलीच," पक्या.

"अरे, नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले म्हणजे संसार आधीच मोडलेला असतो, असं कोर्टाचं म्हणणं," वकील.

"मला तो निकाल पटतही नाही आणि टाकवतही नाही," सुमी म्हणाली. "बंद दाराआड मार खाणाऱ्या बाईकडे रेकॉर्डिंगशिवाय असतं काय? 'घरातलं घरात ठेवा' हे आजवर मारणाऱ्याच्याच सोयीचं ठरलंय. पण तोच फोन संशयी नवऱ्याच्याही हातात आहे, त्याचं काय करायचं?"

यावर मास्तरही गप्प. तेवढ्यात सुमीने ग्रुपवर टाइप केलं: 'क्लिप काढा, नाहीतर तुमच्या मजल्याचं महिन्याभराचं फुटेज मागते.'

"तसं मागता येत नाही तुला," वकील म्हणाला.

"मला माहितेय. त्यांना कुठे माहितेय?"