सोवळ्यातला ३८६

माळ्यावरून माझा जुना ३८६ कॉम्प्युटर उतरवला आणि घरात जाहीर केलं, की याचा एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. ही प्रतिज्ञा पाऊण तास टिकली.

कव्हर उघडलं तर मदरबोर्डवरची पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची बॅटरी हिरवी पडून पाझरत होती. ही निकेल-कॅडमियमची जात घड्याळ चालवायला म्हणून बसते आणि म्हातारपणी शेजारपाजारचं तांबं खाते. तिला जपावं तर बोर्ड जातो. शेवटी ती उपटली, व्हिनेगरनं डाग पुसले, तुटलेल्या रेघा तारेनं जोडल्या आणि नवी बॅटरी लांब टांगली. मशीन उठलं. तारीख दाखवली १ जानेवारी १९८०. ३८६ चिप आली १९८५ साली, म्हणजे साहेब जन्माच्या पाच वर्षं आधीच जागे झाले होते.

माझा एक मित्र या बाबतीत कडक सोवळ्याचा. "बॅटरीचं ठीक आहे रे, पण डिस्कला हात लावू नकोस," त्यानं बजावलं. ४० एमबीची ती डिस्क दोन दिवस कण्हली आणि तिनं मान टाकली. मग तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड बसवलं, ३२ जीबीचं. पण मशीन उठवणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्या बायॉसचं जग ५०४ एमबीला संपतं. पुढ्यात समुद्र ठेवला, आणि यानं ओंजळभर पाणी घेतलं!

कार्ड मुकं. डिस्कच्या खरखरीशिवाय मशीन मेल्यासारखं वाटायला लागलं. तर त्यावरही उपाय निघालेला आहे: डिस्कच्या दिव्याच्या तारेला जोडायची, दिवा लुकलुकला की खोटंखोटं टिकटिकणारी छोटी पाटी. मी ती लावली. मूळपणा टिकवायला लावलेली ही नक्कल कुठल्या पंथात बसते, हे मी मित्राला विचारलं नाही.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवलं. तेही एकसारखं फासायचं असतं म्हणे. आता समोरची पट्टी पट्टेरी बोक्यासारखी दिसते.

मित्र पाहणीला आला. बॅटरी पाहून सुस्कारा, कार्ड पाहून कपाळावर हात, बोका पाहून तर खाली बसला. वेग कमीजास्त करणाऱ्या टर्बोच्या बटणाशेजारी ३३ आकडा पाहून जरा सावरला. (तो आकडा वेग मोजत नाही, आतल्या पिनांवर जंपरच्या चिमुकल्या टोप्या घालून लावू तो दाखवतो. ९९ लावला असता तरी चाललं असतं. बोललो नाही.) मग त्याचं बोट पुढच्या पट्टीवरच्या एका वेड्यावाकड्या भोकापाशी थांबलं. साउंड कार्डला हेडफोन लावायला पाडलेलं.

"हे बघ, ही खरी त्या काळची खूण! याला मात्र हात लावशील तर खबरदार!"

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पान उलटत म्हणाले, "गरम स्क्रूड्रायव्हरनं पाडलंय यानं ते. नव्या मशीनची वाट लावली म्हणून पाठीत चांगला धपाटा घातला होता मी."