चार्ट्रूज घ्या, टेक्सस रिग मारा, जिताडा काढा: एवढं सोपं नसतं भावांनो

पाऊस ओसरायला लागला की गळवाल्यांच्या ग्रुपांना जाग येते आणि काहीतरी फिरायला लागतं, यंदा "बास फिशिंगचे प्रो सिक्रेट्स" नावाचा मेसेज फिरतोय. मला एका आठवड्यात चार जणांनी पाठवला, त्यातला एक माझा मेहुणा, ज्याने मासा आजवर फक्त ताटात बघितलाय. मेसेज थोडक्यात असा: सॉफ्ट प्लास्टिकमध्ये (मऊ प्लास्टिकची नकली आमिषं) रंग हाच राजा आणि चार्ट्रूज (तो झगझगीत पोपटी-पिवळा) सगळीकडे चालतो, टेक्सस रिग (रिग म्हणजे हुक, वजन आणि आमिष जोडायची पद्धत) तेवढी शिका, बाकीच्या रिग म्हणजे दुकानदारांचा धंदा, मिठाचं प्लास्टिकच घ्या कारण खारट चव लागली की मासा सोडत नाही, आमिष जेवढं मोठं तेवढा मासा मोठा, आणि तुटलेलं आमिष पाण्यात टाकलं तरी चालतं, रबर आहे, विरघळून जातं. खाली ठळक अक्षरात "अमेरिकेत सिद्ध, मुंबईच्या खाडीतही १०० टक्के".

आता बास आणि मुंबईची खाडी हे गणितच आधी जुळत नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, सनफिश नावाच्या कुळातला. आपल्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात आणि हॉटेलच्या मेनूवर नुसतं सीबास छापतात म्हणून लोकांना वाटतं एकच. आडनाव पाटील असलं म्हणून सगळे भाऊबंद होत नाहीत ना, तसंच आहे हे. पण एक गोष्ट मान्य करतो, दोघांची शिकार करायची पद्धत बरीच सारखी, आडोशाला दबा धरून बसायचं आणि भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढायचं. त्यामुळे बासवाल्यांकडून शिकण्यासारखं खूप आहे, फक्त जे शिकायचं ते या मेसेजमध्ये नाही.

रंगाचं घ्या. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी खुद्द लार्जमाउथ बासच्या डोळ्यांवर आणि वागण्यावर प्रयोग केलेत, या माशाला लाल आणि हिरवा रंग छान वेगळे कळतात, पण चार्ट्रूज आणि पांढरा यात त्याची गफलत होते, काळा आणि निळा यातही तेच. म्हणजे ज्या चार्ट्रूजसाठी आपण जादा पैसे मोजतो तो त्या बिचाऱ्याला बहुतेक पांढऱ्यासारखाच दिसत असणार. हे झालं बासचं. आणि आपली खाडी म्हणजे काय हो, उधाणाच्या दिवशी गोराईच्या जेट्टीवर उभं राहून पाण्यात हात घातला तर मनगटाच्या पुढे बोटं दिसत नाहीत, कटिंग चहा परवडला. तिथे मासा रंग बघत नाही, सावली बघतो आणि थरथर ओळखतो, माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी रेघ असते ना तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल कळते. म्हणून गढूळ पाण्यात मी गडद रंग घेतो, काळपट, जांभळा, आणि शेपटी जोरात फडफडणारी. पाणी निवळलं की कोळंबीसारखा फिकट पारदर्शक. दोन रंगात माझं वर्ष निघतं. तेरा रंगांची पाकिटं घरी पडून आहेत, तीही असल्याच मेसेजांच्या नादाला लागून घेतलेली, असो.

आता मुख्य मुद्दा, टेक्सस रिग. इथे जरा थांबतो कारण मला स्वतःला ही रिग फार आवडते आणि तिची अशी बदनामी बघवत नाही (एकच रिग सगळीकडे चालते म्हणणं ही बदनामीच).

माझा मावसभाऊ डलासजवळ राहतो, त्याच्याबरोबर लेक फोर्कवर दोन दिवस काढलेत मी. त्या तलावात झाडं उभीच्या उभी बुडालेली आहेत, खाली पाणवनस्पतींचं जंगल, उघडा हुक टाकला की काहीतरी धरून बसणारच. टेक्सस रिग अशा जागेसाठी आहे: गोळीच्या आकाराचं वजन लाइनवर पुढे, मागे ऑफसेट हुक, आणि हुकाचं टोक प्लास्टिकच्या आत लपवलेलं. ती बांधताना पहिल्या दिवशी भावाने माझ्या हातातून तीनदा काढून घेतली. टोक वर्मच्या (गांडुळासारख्या लांब आमिषाच्या) डोक्यात बरोबर मधोमध घालायचं, जेमतेम पाव इंच आत जाऊन खालून बाहेर काढायचं, मग हुक ओढत आणून लाइन बांधतो तिथली ती वाकडी पायरी डोक्यात बसवायची आणि हुक अर्धा फिरवायचा. आता घाई करायची नाही. वर्म सरळ लोंबू द्यायचा, हुकाचा वाक कुठपर्यंत येतो ते बघून नखाने खूण करायची आणि तिथेच टोक आरपार घालून पाठीच्या वरच्या कातडीत हलकंसं दडवायचं. खूण न करता अंदाजाने घातलं की वर्म एकतर ताणला जातो नाहीतर मध्ये पोट काढून बसतो, आणि पाण्यात सरळ न चालता भोवऱ्यासारखा फिरतो, लाइनला पीळ बसतो, वीस कास्टनंतर रीलवर नुसता गुंता. मी तेव्हा हुकाच्या साइझला दोष देत होतो, भाऊ म्हणाला, "अरे दादा, वाकडा लावलायस, बाकी काही नाही." बाकी हुकाचं सोपं आहे, बारीक वर्मला साधा ऑफसेट आणि जाड आमिषाला रुंद पोटाचा हुक, म्हणजे मासा चावला की प्लास्टिक दबून टोकाला बाहेर यायला जागा राहते.

आता हीच रिग घेऊन मी घरी आलो आणि मनोरीच्या बाजूला खाडीच्या मधल्या धारेत टाकली. सात ग्रॅमची गोळी. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, एवढं पाणी त्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करतं, माझा वर्म तळाला लागलाच नाही, धारेबरोबर पतंगासारखा वाहत गेला. तलावात हा प्रकारच नाही ना! तिथे पाणी जवळजवळ उभं, म्हणून साडेतीन ग्रॅम, सात ग्रॅम असली वजनं चालतात आणि मासा बऱ्याचदा आमिष खाली पडतानाच घेतो. आपल्या धारेत पंधरा ग्रॅमचं जिगहेड (डोक्याशी वजन ओतलेला हुक) आणि त्यावर सरळ बसवलेलं पॅडलटेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं आमिष) बरं, उधाण ओसरून भांग (कमी भरतीचे दिवस) आली की दहा, पाणी वळायच्या त्या वीसेक मिनिटांत सात. आणि हेच जिगहेड तिवरांच्या मुळांत टाकलं तर? पहिल्या वर्षी मी एका सकाळी अकरा जिगहेड कालवांना अर्पण केली. तिथे टेक्ससच पाहिजे. म्हणजे जागा बदलली की रिग बदलते. रिग आपण माशासाठी निवडतो असं वाटतं पण खरं तर तळासाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी निवडतो.

अजून एक, बासचे बरेचसे वर्म हुक बारीक तारेचे असतात. जिताड्याचं तोंड टणक आणि झटका विचित्र, दोन वेळा माझा हुक सरळ होऊन आला, तिसऱ्या वेळी गालाच्या धारेने लीडरच (लाइनच्या टोकाचा जाड दोरा) कापला. शिवाय खाऱ्या पाण्यात साधा हुक रात्रीत तांबडा होतो. जाड तारेचा, खाऱ्या पाण्याचा हुक घ्या आणि ४० पाउंडाचा लीडर लावा, कारण जिताड्याच्या त्या गालाला तलावातली सवय चालत नाही.

बाकीच्या रिग धंदा आहेत म्हणे. वॅकी रिग बघितलीय का कोणी नीट? काडीसारखा वर्म, हुक बरोबर कमरेत, वजन शून्य, आणि सैल लाइनवर सोडला की दोन्ही टोकं थरथरत अगदी सावकाश खाली जातो. पाच इंची मिठाचा वर्म साधारण दहा ग्रॅमचा असतो, म्हणून वजन न लावता फेकता येतो. नेड रिगमध्ये उलटं, अळंबीच्या आकाराचं जिगहेड तळाला टेकतं आणि तरंगणाऱ्या मटेरियलची शेपटी वर उभी राहते. दोन्हींचं काम वेगळं. हां, आपल्या वाहत्या खाडीत वॅकी टाकली तर वर्म वसईला पोचेल हे खरं, पण म्हणून ती धंदा होत नाही.

इथेच मिठाचं पण सांगून टाकतो. चवीचा भाग थोडाफार असेल, मासा चार सेकंद जास्त तोंडात धरत असेल, त्यावर मी भांडणार नाही. पण मिठाचं मोठं काम वजनाचं आहे! मीठ प्लास्टिकपेक्षा दुपटीच्या आसपास जड, ते भरपूर मिसळलं की वर्म बुडतो, आणि तो कसा बुडतो यावर सगळा खेळ. त्याची किंमतही मोजावी लागते, मीठवालं प्लास्टिक पटकन फाटतं, दोन मासे झाले की डोकं गेलं. आणि खाडीतला जिताडा तर खाऱ्या-मचूळ पाण्यातच असतो, त्याला खारट चवीचं कौतुक कोण सांगणार.

मोठं आमिष मोठा मासा, यावर एकच सांगतो. बासचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर बरोबरीत आहे, जॉर्ज पेरी, जॉर्जिया, १९३२ आणि मानाबू कुरिता, जपानचं बिवा सरोवर, २००९, दोन्ही मासे दहा किलोच्या वरचे. पेरीने लाकडी लूरवर (नकली आमिषावर) काढला, कुरिताने जिवंत ब्लूगिल माशावर. सॉफ्ट प्लास्टिक दोन्हीकडे नाही. मोठ्या आमिषाने चिल्लर मासे टळतात एवढं खरं. पण ऑक्टोबरात खाडी करंदीने आणि बोटाएवढ्या बोयांनी भरलेली असते तेव्हा सात इंची वर्म कोण खाणार, माझा आजवरचा सगळ्यात मोठा जिताडा, साडेचार किलो, तीन इंची पॅडलटेलवर आहे. (तो सोडला. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे धरून ताटात वाढले की अंडी कोण घालणार.) मोठ्या आमिषाचा आणखी एक वैताग म्हणजे केंड (तो फुगणारा मासा), लांब शेपटी दिसली की कात्रीने कापल्यासारखी नेतो, हुकापर्यंत कधी येतच नाही.

शेवटचं ते विरघळण्याचं. हे वाचून मला खरंच राग आला. सॉफ्ट प्लास्टिक रबर नाही. १९४९ मध्ये ओहायोच्या ॲक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसाने पहिला प्लास्टिकचा वर्म बनवला तोच मुळी व्हिनाइलचा, आजही बहुतेक माल पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं तेलकट रसायन यांचाच असतो. पाण्यात तो विरघळत नाही, उलट फुगतो, आणि माशाने गिळला तर पोटात बसून राहतो. विरघळतो कुठे माहितीये? डब्यात. ते मऊ करणारं रसायन साध्या कडक प्लास्टिकला खातं, आणि नेडवालं ताणणारं मटेरियल दुसऱ्या सॉफ्ट प्लास्टिकला चिकटून बसलं तर दोघांचा चिखल होतो. मी दोन्ही एकाच डब्यात घालून मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवले होते, उघडलं तर आत जांभळी-हिरवी जेली आणि डब्याचा तळ वितळून वाकलेला. तेव्हापासून प्रत्येक माल त्याच्या मूळ पाकिटात.

आणि तुटलेले तुकडे, कुरतडलेल्या शेपट्या, सगळं खिशात घालून घरी आणतो आणि काचेच्या बरणीत टाकतो, काचेला काही होत नाही. अर्धी भरलीय. कैरीच्या लोणच्याची बरणी कुठे गेली ते बायको अजून शोधतेय.