रडार डिटेक्टर अमेरिकेत ‘सगळीकडे’ चालत नाही

पोलिसांचं वेग मोजणारं रडार जवळ असल्याचं चालकाला कळवणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे रडार डिटेक्टरबद्दल, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत एक निरोप फिरतोय : ‘रडार डिटेक्टर अमेरिकेत सगळीकडे कायदेशीर आहे, बिनधास्त लावा.’ हे चूक आहे.

खाजगी गाडीत तो बहुतेक राज्यांत चालतो, न्यू जर्सीतही. पण व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत त्याला बंदी आहे. म्हणजे आय-95 महामार्ग धरून दक्षिणेकडे निघालात की वाटेतच कायदा बदलतो. व्हर्जिनियात डिटेक्टर नुसता बंद करून काचेला चिकटवलेला ठेवणंही चालत नाही. त्याची वीज तोडलेली हवी आणि तो गाडीतल्या कुणाच्या हाताशी नको. सरळ डिकीत टाका. मोठ्या व्यावसायिक ट्रकांना तर देशभर मनाई आहे. पोलिसांचं रडार बिघडवणारा जॅमर कुठल्याच राज्यात चालत नाही. त्याला डिटेक्टर समजू नका.

‘आम्ही फक्त रडारच्या लहरी ऐकतो, त्यात गुन्हा कसला?’ असं अनेक चालक विचारतात, आणि मला तो प्रश्न रास्त वाटतो. पण त्या यंत्राच्या भरवशावर वेग वाढवू नका. पोलिसाने ऐनवेळी रडार सुरू केलं, तर यंत्र वाजेपर्यंत तुमचा वेग मोजून झालेला असतो. व्हर्जिनियात ताशी 85 मैलांच्या वर गेलात, तर तो साधा दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे.